मेडिकल दुकान, एफडीएची तपासणी आणि औषध कायदा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

महाराष्ट्रात औषध विकायचे म्हटले की दोन गोष्टींशी गाठ पडते: औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा, १९४० आणि त्याखालचे औषध नियम, १९४५. राज्यात त्यांची अंमलबजावणी अन्न व औषध प्रशासन करते. दुकानदार आणि गिऱ्हाईक दोघेही त्याला एफडीए म्हणतात, म्हणून इथेही तेच नाव वापरले आहे. पुढचे बहुतेक प्रश्न किरकोळ मेडिकल दुकानदारांचे आहेत. काही होलसेलरांचे आहेत आणि शेवटचे काही औषध विकत घेणाऱ्यांचे.

औषध निरीक्षक आधी न कळवता येऊ शकतात का?

येऊ शकतात. कलम २२ प्रमाणे औषध निरीक्षकाला आपल्या हद्दीतील दुकानाची तपासणी करण्याचा, नमुने घेण्याचा, कागदपत्रे व साठा पाहण्याचा आणि गरज पडल्यास जप्तीचा अधिकार आहे. आधी सूचना देण्याचे बंधन नाही. ओळखपत्र पाहायला मागण्यात काही गैर नाही, तेवढे जरूर करा. पण शटर ओढून घेणे, ‘मालक आल्यावर या’ म्हणून परत पाठवणे, कपाटाची किल्ली नाही असे सांगणे, हे सगळे अडथळा आणणे ठरू शकते. त्याला वेगळी शिक्षा आहे: तीन वर्षांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही.

मालक बाहेरगावी असेल तर दुकानात कोण बोलणार, कागद कुठल्या फायलीत आहेत आणि सॉफ्टवेअरचा पासवर्ड कोणाकडे आहे, हे आधीच ठरलेले हवे. तपासणी बिघडते ती बहुधा इथेच. माल नीट असतो, बिलेही असतात, पण त्या घडीला ती काढून दाखवणारा माणूस दुकानात नसतो.

दुकानात आल्यावर काय पाहतात?

सुरुवात बहुधा भिंतीपासून होते. परवाना गिऱ्हाइकाला दिसेल अशा जागी लावलेला असावा लागतो. फॉर्म २० आणि फॉर्म २१ हे किरकोळ विक्रीचे नेहमीचे दोन परवाने. दुसरा लस, इन्शुलिन, सीरम यांसारख्या शेड्युल सी आणि सी(१) मधल्या औषधांसाठी असतो. (शेड्युल म्हणजे नियमांना जोडलेली औषधांची यादी.) शेड्युल एक्स विकायचे तर फॉर्म २०एफ वेगळा लागतो. होलसेलचे परवाने २०बी आणि २१बी. जागा किरकोळ किंवा होलसेल विक्रीसाठी किमान १० चौरस मीटर, दोन्ही एकाच जागी करायचे असेल तर १५ चौरस मीटर हवी. परवाना घेताना दाखवलेल्या नकाशात नंतर फेरफार झाला असेल, म्हणजे मागची खोली भाड्याने दिली असेल किंवा पोटमाळ्यावर गोदाम केले असेल, तर ते लगेच नजरेत येते. परवान्याबाहेरच्या जागेत ठेवलेला साठा हा विनापरवाना साठा धरला जाऊ शकतो.

मग फार्मासिस्ट. तो हजर आहे का आणि त्याची महाराष्ट्र राज्य फार्मसी कौन्सिलकडची नोंदणी चालू आहे का, ते पाहतात. त्यानंतर खरेदीची बिले, विक्रीची बिले, एच१ रजिस्टर, फ्रीज आणि एक्स्पायरीचा माल. शेवटी दोन-चार औषधे निवडून त्यांचा हिशेब जुळवतात: किती आले, किती गेले, आत्ता फळीवर किती आहे.

दुकानात फॉर्म ३५ मधले तपासणी पुस्तक ठेवावे लागते. निरीक्षक त्यात निरीक्षणे आणि त्रुटी लिहितात. सही करण्यापूर्वी ते शांतपणे वाचा. एखादी गोष्ट तुमच्या मते तशी नसेल तर सही नाकारू नका. सहीशेजारी दोन ओळींत आपले म्हणणे लिहा. त्या दिवशी, त्या जागी लिहिलेल्या दोन ओळींना महिन्याभराने वकिलाकडून पाठवलेल्या पाच पानांपेक्षा जास्त वजन असते.

फार्मासिस्ट जेवायला गेला असताना औषध दिले तर चालते का?

चिठ्ठीवरचे औषध नोंदणीकृत फार्मासिस्टने स्वतः किंवा त्याच्या प्रत्यक्ष देखरेखीखालीच द्यायचे असते. नियम ६५(२) तसे सांगतो. ‘प्रत्यक्ष’ म्हणजे दुकानात. फोनवर विचारून दिले ही देखरेख नव्हे. फार्मसी कायदा, १९४८ चे कलम ४२ सुद्धा याच गोष्टीला मनाई करते.

फार्मासिस्ट तासभर बाहेर असेल तर त्या तासात चिठ्ठीची औषधे द्यायची नाहीत. दुकान सकाळी नऊ ते रात्री अकरा उघडे आणि फार्मासिस्ट एकच, असे असेल तर हिशेब कागदावरही बसत नाही. निरीक्षक हजेरीपत्रक आणि बिलांच्या वेळा शेजारी ठेवून पाहतात. दुसरा फार्मासिस्ट नेमा, नाहीतर वेळ कमी करा. नुसते प्रमाणपत्र भिंतीवर टांगून माणूस दुसऱ्याच गावात नोकरी करतो, हा प्रकार आपल्याकडे जुना आहे आणि तो खरोखर घातक आहे. संधिवातावर दिले जाणारे मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदा घ्यायचे की रोज, हे काउंटरवर ओळखणारा माणूस दुकानात असलाच पाहिजे. ती गोळी चुकून रोज घेतली तर माणूस दगावू शकतो.

बिलात नेमके काय हवे?

चिठ्ठीवरच्या विक्रीच्या बिलात अनुक्रमांक, तारीख, डॉक्टरांचे नाव-पत्ता, रुग्णाचे नाव-पत्ता, औषधाचे नाव व प्रमाण, उत्पादकाचे नाव, बॅच नंबर, एक्स्पायरी आणि फार्मासिस्टची सही लागते. प्रत दोन वर्षे जपून ठेवायची. चिठ्ठीवर दुकानाचे नाव-पत्ता आणि तारखेचा शिक्का मारायचा, म्हणजे तीच चिठ्ठी चार दुकानांत फिरत नाही.

नेहमीची चूक सॉफ्टवेअरमध्ये असते. रुग्णाच्या जागी ‘कॅश’, डॉक्टरांच्या जागी ‘सेल्फ’, आणि पत्ता म्हणून फक्त गावाचे नाव. दुसरी चूक बॅच नंबरात होते. खरेदी भरताना इंग्रजी ‘ओ’च्या जागी शून्य पडते, ‘आय’च्या जागी एक पडतो, किंवा नवा माल जुन्याच बॅचवर चढवला जातो. रोजच्या धंद्यात हे जाणवत नाही. एखादी बॅच परत मागवली गेली की मात्र शोधायला टाकल्यावर स्क्रीनवर काहीच येत नाही, आणि माल फळीवर तसाच असतो.

एच१ रजिस्टर म्हणजे काय? सगळी अँटिबायोटिक्स त्यात येतात का?

शेड्युल एच१ या यादीतल्या औषधांच्या विक्रीची ही वेगळी नोंदवही. सगळी अँटिबायोटिक्स तिच्यात येत नाहीत. शेड्युल एच१ मार्च २०१४ पासून लागू झाले तेव्हा त्यात ४६ औषधे होती. सेफिक्झिम, लेव्होफ्लॉक्सासिन, मेरोपेनेम, क्षयरोगावरची पायराझिनामाइडसारखी औषधे, तसेच अल्प्राझोलाम, झोल्पिडेम, ट्रामाडोल त्यात येतात. ॲमॉक्सिसिलिन आणि ॲझिथ्रोमायसिन शेड्युल एच मध्ये आहेत. त्यांनाही चिठ्ठी लागतेच, पण वेगळे रजिस्टर लागत नाही. वेष्टनावर लाल चौकटीतली सूचना दिसली की ते एच१ समजा.

रजिस्टरमध्ये डॉक्टरांचे नाव-पत्ता, रुग्णाचे नाव, औषध आणि दिलेले प्रमाण लिहायचे. ते तीन वर्षे ठेवायचे. निरीक्षक हिशेब कसा लावतात ते लक्षात घ्या. समजा अल्प्राझोलामच्या ४० स्ट्रिप खरेदी बिलावर आहेत, रजिस्टरमध्ये १२ गेल्याची नोंद आहे आणि फळीवर ९ आहेत. उरलेल्या १९ कुठे गेल्या, याचे उत्तर तोंडी देऊन भागत नाही. महिन्याच्या शेवटी एकदम रजिस्टर ‘भरून काढणे’ सुद्धा लपत नाही. एकाच पेनाने, एकाच ओघात लिहिलेली तीस दिवसांची पाने अनुभवी डोळ्याला लगेच ओळखू येतात.

क्षयरोगाच्या औषधांबाबत आणखी एक जबाबदारी आहे. मार्च २०१८ च्या केंद्राच्या अधिसूचनेप्रमाणे अशा रुग्णांची माहिती औषध विक्रेत्यानेही आरोग्य यंत्रणेला कळवायची असते.

शेड्युल एक्स?

केटामाइन, मिथाइलफेनिडेट वगैरे. कुलूपबंद साठा, चिठ्ठी दोन प्रतींत, त्यातली एक दुकानात दोन वर्षे. २०एफ परवाना नसेल तर एक गोळीही ठेवू नका.

डॉक्टरांनी लिहिलेला ब्रँड नाही, तेच औषध दुसऱ्या कंपनीचे दिले तर?

शेड्युल एच, एच१ आणि एक्स मधल्या औषधांच्या चिठ्ठीवर, घटक तोच असला तरी दुसरे औषध द्यायला नियम ६५(११ए) मनाई करतो. डॉक्टरांनी जेनेरिक नावानेच लिहिले असेल तर प्रश्न येत नाही. ब्रँड लिहिला असेल तर डॉक्टरांना फोन करा आणि चिठ्ठी बदलून घ्या. गरीब रुग्णाला स्वस्त पर्याय द्यावासा वाटणे समजण्यासारखे आहे, पण आजचा नियम असाच आहे.

एक्स्पायरीचा माल दुकानात सापडला की लगेच कारवाई होते का?

एक्स्पायरीचा माल दुकानात असणे आणि तो विक्रीच्या मालात असणे यात मोठा फरक आहे. कंपनीकडे परत जाईपर्यंत तो दुकानात राहणारच. तो वेगळ्या खोक्यात, वर ‘विक्रीसाठी नाही’ असे ठळक लिहून, विक्रीच्या मालापासून दूर ठेवायचा. बरोबर यादी ठेवा: औषध, बॅच, नग, कुठल्या स्टॉकिस्टकडे कधी पाठवला. फळीवर चांगल्या स्ट्रिपांत एक जुनी स्ट्रिप सापडली तर ‘चुकून राहिली’ हे खरे असले तरी बचाव होत नाही. महिन्याच्या पहिल्या दिवशी पुढच्या तीन महिन्यांत संपणारा माल बाजूला काढायची सवय लावली तर ही वेळ येत नाही.

‘फिजिशियन सॅम्पल, नॉट टू बी सोल्ड’ लिहिलेले आणि सरकारी पुरवठ्याचे औषध दुकानात ठेवायलाच मनाई आहे. विकले नाही, नुसते ठेवले होते, हे चालत नाही. शेजारच्या डॉक्टरांनी सहज दिलेले खोके सुद्धा नको.

फ्रीजबद्दल एवढी विचारणा का?

कारण तापमान बिघडलेले औषध डोळ्यांना चांगलेच दिसते. इन्शुलिन आणि बहुतेक लसी २ ते ८ अंश सेल्सियसला ठेवायच्या असतात. धनुर्वाताची किंवा हिपॅटायटिस बी ची लस गोठली तर ती पुन्हा वितळल्यावर टोचूनही उपयोग नाही. म्हणजे नुसता ‘थंड’ असून भागत नाही, जास्त थंडही नको. फ्रीजरच्या कप्प्याला किंवा मागच्या पत्र्याला चिकटून खोके ठेवू नका, दारातही ठेवू नका. आत थर्मामीटर ठेवून सकाळ-संध्याकाळ तापमान वहीत लिहा. पाण्याच्या बाटल्या, दूध, डबा काही नको. भारनियमनाच्या गावात इन्व्हर्टर फ्रीजला जोडलेला आहे की फक्त दिव्यांना, हे एकदा तपासा. रात्री दुकान बंद करताना मेन स्विच पाडण्याची सवय अजून कित्येक ठिकाणी आहे, आणि फ्रीज त्याच स्विचवर असतो.

नमुना घेताना नेमके काय घडते? मी काय पाहावे?

हा भाग नीट समजून घ्या, कारण पुढे खटला झाला तर सगळा भार इथल्या कागदांवर पडतो.

निरीक्षक नमुन्याची योग्य किंमत देऊ करतात. ती घ्या आणि पावती द्या. नाकारली तर फॉर्म १७ए मध्ये पोच दिली जाते, पण नाकारून काही मिळत नाही. नमुना कशासाठी घेतला ते फॉर्म १७ मध्ये लेखी मिळते. मग तुमच्यासमोर नमुन्याचे चार भाग होतात आणि प्रत्येकाला सील लागते. तुम्हाला स्वतःचेही सील किंवा खूण लावता येते. हा हक्क कायद्याने दिलेला आहे, तो वापरा. बाटलीबंद औषध असेल आणि उघडल्याने बिघडणार असेल तर त्याच औषधाच्या चार सीलबंद बाटल्या घेतात. त्या एकाच बॅचच्या आहेत ना, हे तुम्हीही पाहा. घाईत एक बाटली दुसऱ्या बॅचची निघाली तर पुढे दोन्ही बाजूंना त्रास होतो.

चार भागांतला एक तुमच्याकडे राहतो, एक शासकीय विश्लेषकाकडे जातो, एक न्यायालयासाठी असतो आणि एक तुम्ही ज्याचे नाव पुरवठादार किंवा उत्पादक म्हणून सांगाल त्याला पाठवला जातो. महाराष्ट्रात एफडीएच्या प्रयोगशाळा मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथे आहेत.

तुमच्याकडचा भाग म्हणजे पुरावा. तो गल्ल्याच्या ड्रॉवरमध्ये, उन्हात येणाऱ्या काचेमागे टाकू नका. लेबलवर लिहिलेल्या तापमानाला, सील न फोडता ठेवा आणि तो कुठे आहे ते वहीत लिहा. दुकान हलवताना तो ‘जुना माल’ म्हणून फेकला जाण्याचीच भीती जास्त असते.

त्याच वेळी किंवा नंतर पत्राने कलम १८ए खाली विचारणा होते: हे औषध कोणाकडून घेतले? बिलाची प्रत जोडून दिलेल्या मुदतीत लेखी उत्तर द्या. उत्तर न देण्याबद्दल एक वर्षापर्यंत कैद किंवा किमान २०,००० रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात.

नमुना ‘अप्रमाणित’ निघाला. आता?

शासकीय विश्लेषकाचा अहवाल फॉर्म १३ मध्ये येतो. लिफाफ्यावर मिळाल्याची तारीख लिहा आणि लिफाफाही ठेवा. त्या दिवसापासून २८ दिवस मोजायचे असतात. अहवाल मान्य नसेल आणि त्याविरुद्ध पुरावा द्यायचा असेल तर या मुदतीत निरीक्षकाला किंवा खटला चालू असेल तर न्यायालयाला लेखी कळवावे लागते. कळवले नाही तर अहवालातली माहिती निर्णायक पुरावा मानली जाते. कळवले तर न्यायालय आपल्याकडचा भाग कोलकात्याच्या केंद्रीय औषध प्रयोगशाळेकडे पाठवू शकते, आणि तिचा अहवाल अंतिम असतो. या फेरतपासणीला वेळेचे बंधन आपोआप पडते, कारण औषधाची एक्स्पायरी उलटली की तपासणीला अर्थ उरत नाही. आरोपीचा हा हक्क उशिरामुळे हिरावला गेला म्हणून सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये एका उत्पादकावरचा खटला रद्द केला होता.

फेरतपासणी मागायची की नाही, हे बहुधा उत्पादक ठरवतो. तरी दुकानदाराने त्याच्या भरवशावर राहू नये. त्याला आलेली मुदत वेगळी, तुमची वेगळी.

त्याच दिवशी करायची कामे: त्या बॅचचा साठा मोजून बाजूला काढा, विक्री थांबवा, स्टॉकिस्टला बिल क्रमांकासह लेखी कळवा, आणि किती आले, किती विकले, किती उरले याचा तक्ता निरीक्षकाला द्या. साठा परस्पर परत पाठवून टाकू नका. निरीक्षक फॉर्म १५ मध्ये लेखी आदेश देऊन कमाल २० दिवस साठा हलवायला मनाई करू शकतात. जप्ती झाली तर फॉर्म १६ मध्ये पावती मिळते.

अप्रमाणित, मिथ्याछाप, भेसळयुक्त, बनावट: फरक काय?

घटक ५०० मिलिग्रॅम हवा आणि ठरलेल्या मर्यादेपेक्षा कमी भरला, किंवा गोळी वेळेत विरघळली नाही, तर ती अप्रमाणित. लेबल चुकीचे किंवा दिशाभूल करणारे असेल तर मिथ्याछाप. घाण किंवा घातक पदार्थ मिसळला गेला तर भेसळयुक्त. दुसऱ्याच्या नावाने बनवले, उत्पादकच अस्तित्वात नाही, किंवा औषधाच्या जागी दुसरेच काही भरले तर बनावट. २०२३ मध्ये नागपूर जिल्ह्यातल्या कळमेश्वरच्या ग्रामीण रुग्णालयातून घेतलेल्या अँटिबायोटिक गोळ्यांच्या नमुन्यात औषधच नव्हते. पुढच्या तपासात अशा गोळ्या टाल्कम पावडर आणि स्टार्च भरून केल्याचे समोर आले. न्यूमोनियाच्या रुग्णाला अशी गोळी पाच दिवस दिली तर डॉक्टर औषध लागू पडत नाही म्हणून अधिक तीव्र औषधाकडे वळतात, आणि मधले पाच दिवस हातचे जातात.

औषध कंपनीने बिघडवले, मग दुकानदार अडकतो का?

कायद्याने इथे दुकानदाराला एक ढाल दिली आहे: कलम १९(३). पण तिला तीन कड्या आहेत आणि तिन्ही लागतात. औषध परवानाधारक उत्पादक, वितरक किंवा विक्रेत्याकडून घेतलेले असले पाहिजे. दोष तुम्हाला ठाऊक नव्हता आणि वाजवी काळजी घेऊनही कळला नसता. आणि तुमच्याकडे असताना ते नीट साठवलेले, मूळ स्थितीत होते.

पहिली कडी बिलाने सिद्ध होते. म्हणून बिनबिलाचा माल नको. नेहमीच्या स्कीमपेक्षा भलतीच स्वस्त ‘ऑफर’ घेऊन बॅग खांद्यावर टाकून येणारा माणूस, मालाबरोबर ‘बिल नंतर पाठवतो’ म्हणणारा नवा स्टॉकिस्ट, बिलावर परवाना क्रमांक नसणे, किंवा बिलावरची बॅच आणि खोक्यावरची बॅच वेगळी असणे, यांपैकी काहीही दिसले की माल परत करा. तिसरी कडी फ्रीजच्या वहीने सिद्ध होते. दुकानात ए.सी. नाही आणि मे महिन्यात विदर्भात पत्र्याखाली ३० अंशांखाली ठेवायचे औषध ठेवले होते, तर ही ढाल हातातून निसटते.

कारणे दाखवा नोटीस आली. उत्तर कसे द्यावे?

मुद्द्याला मुद्दा. नोटिशीत सात त्रुटी असतील तर उत्तरात सात क्रमांक हवेत. जे खरे आहे ते मान्य करा आणि काय सुधारले ते कागदासह दाखवा: नवा थर्मामीटर घेतल्याचे बिल, फार्मासिस्टचे नियुक्तीपत्र, वेगळ्या खोक्याचा फोटो. जे खरे नाही ते पुराव्यासह नाकारा. ‘सर्व आरोप अमान्य’ या एका ओळीने काहीच साधत नाही. सुनावणीला स्वतः जा.

नियम ६६ प्रमाणे म्हणणे मांडायची संधी देऊन, कारणे लिहून परवाना निलंबित किंवा रद्द करता येतो. त्याविरुद्ध आदेशाच्या तारखेपासून तीन महिन्यांत राज्य सरकारकडे अपील करता येते. निलंबनाच्या काळात मागच्या दाराने विक्री केली तर ती विनापरवाना विक्री ठरते, आणि काही दिवसांच्या निलंबनाचे रूपांतर फौजदारी खटल्यात होते.

शिक्षा किती आहे?

सर्वात कडक शिक्षा भेसळयुक्त किंवा बनावट औषधाने मृत्यू किंवा गंभीर इजा झाल्यास आहे: किमान दहा वर्षे ते जन्मठेप, आणि किमान १० लाख रुपये किंवा जप्त मालाच्या किमतीच्या तिप्पट, यांपैकी जास्त असेल तो दंड. इतर बनावट औषधांसाठी किमान सात वर्षे. भेसळयुक्त औषध किंवा विनापरवाना विक्री: तीन ते पाच वर्षे. उरलेली बहुतेक उल्लंघने कलम २७(ड) मध्ये येतात: एक ते दोन वर्षे आणि किमान २०,००० रुपये दंड. २०२३ च्या जनविश्वास कायद्याने ही शेवटची उल्लंघने तडजोडीने मिटवण्यासारखी केली. रजिस्टर आणि कागद न ठेवण्याबद्दल कलम २८ए वेगळे आहे.

पोलीस थेट गुन्हा नोंदवू शकतात का?

औषध कायद्याच्या चौथ्या प्रकरणातल्या, म्हणजे उत्पादन-विक्रीच्या गुन्ह्यांसाठी पोलिसांनी स्वतः गुन्हा नोंदवून तपास करता येत नाही, ते काम औषध निरीक्षकाचे आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२० मध्ये स्पष्ट केले. मात्र फसवणूक, किंवा नशेच्या औषधांबाबत अमली पदार्थविरोधी कायदा लागू होत असेल तर पोलीस येऊ शकतात. कोडीनचे खोकल्याचे औषध, अल्प्राझोलाम, ट्रामाडोल मोठ्या प्रमाणात बिनहिशेबी सापडले तर हीच वाट असते.

गर्भपाताच्या गोळ्यांची इतकी कसून तपासणी का?

त्या चिठ्ठीशिवाय विकल्या जातात म्हणून. पूर्ण न झालेल्या गर्भपातात रक्तस्राव होऊन बाई दगावू शकते. कुठल्या डॉक्टरांची चिठ्ठी, कुणाला दिली, किती किट आले, याचा एकेक नगाचा हिशेब ठेवा. तो ठेवता येत नसेल तर किट ठेवू नका.

एखादी बॅच परत मागवली तर दुकानात काय करायचे?

सप्टेंबर-ऑक्टोबर २०२५ मध्ये मध्य प्रदेशातल्या छिंदवाडा जिल्ह्यात कोल्ड्रिफ नावाच्या खोकल्याच्या औषधाने मुले दगावली. बरीच मुले उपचारासाठी नागपूरला आणली होती. तमिळनाडूच्या प्रयोगशाळेत एसआर-१३ या बॅचमध्ये ४८.६ टक्के डायएथिलीन ग्लायकॉल हे विषारी रसायन सापडले. मर्यादा ०.१ टक्का आहे. महाराष्ट्र एफडीएनेही त्या बॅचची विक्री व वापर थांबवण्याची सूचना काढली. हेच रसायन १९८६ मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात ग्लिसरॉलमधून १४ रुग्णांच्या मृत्यूला कारण झाले होते, आणि न्यायमूर्ती लेंटिन आयोगाने त्याची चौकशी केली होती.

अशी सूचना आली की औषधाच्या नावाने नव्हे, बॅच नंबराने शोधा. आधी खरेदीत, मग फळीवर, मग विक्रीत. विक्रीच्या बिलावर रुग्णाचे नाव आणि पत्ता असेल तर फोन करून, घरी जाऊन बाटली परत आणता येते. बिलावर ‘कॅश’ असेल तर त्या मुलापर्यंत पोचायची वाटच उरत नाही. सर्वात गंभीर वर्गातल्या औषधाची विक्री २४ तासांत, फार तर ७२ तासांत पूर्ण थांबली पाहिजे, असे केंद्राच्या मार्गदर्शक सूचना सांगतात. परत केलेल्या मालाचे डेबिट नोट आणि बॅचनिहाय यादी जपून ठेवा.

परवान्याचे नूतनीकरण, भागीदार बदल, मालकाचा मृत्यू?

विक्री परवाना आता मुदतबंद नाही. दर पाच वर्षांनी शुल्क भरले की तो चालू राहतो. फॉर्म २० आणि २१ साठी शुल्क प्रत्येकी १,५०० रुपये आहे. उशीर झाल्यास महिन्याला दोन टक्के, म्हणजे एका परवान्याला ३० रुपये, विलंब शुल्क लागते. रक्कम किरकोळ म्हणून दुर्लक्ष होते, आणि सहा महिने उलटले की परवाना रद्द झाल्याचे मानले जाते. फोनमध्ये तारीख लावून ठेवा.

भागीदार आला किंवा गेला तर लेखी कळवा. जुना परवाना बदलाच्या तारखेपासून कमाल तीन महिने चालतो, तेवढ्यात नवा घ्यायचा. मालक वारला आणि मुलाने तसेच दुकान चालू ठेवले तर चौथ्या महिन्यापासून ते विनापरवाना आहे. दुःखात असलेल्या घराला हे कोणी सांगत नाही, म्हणून इथे मुद्दाम लिहिले.

होलसेलसाठी फार्मासिस्ट लागतोच का?

नाही. नोंदणीकृत फार्मासिस्ट, किंवा पदवी आणि औषध विक्रीचा एक वर्षाचा अनुभव, किंवा दहावी आणि चार वर्षांचा अनुभव असलेली सक्षम व्यक्ती चालते. परवाना नसलेल्या दुकानाला माल दिला तर जबाबदारी होलसेलरवरही येते. नव्या गिऱ्हाइकाच्या परवान्याची प्रत आधी घ्या.

मी ग्राहक आहे. औषध खरे आहे का ते कसे पाहू?

आधी बिल घ्या, त्यावर बॅच नंबर आहे ना पाहा. शेड्युल एच२ या यादीतल्या ३०० ब्रँडच्या, १ ऑगस्ट २०२३ नंतर तयार झालेल्या मालावर बारकोड किंवा क्यूआर कोड असतो. मोबाइलने तपासल्यास उत्पादकाचे नाव-पत्ता, बॅच, उत्पादनाची तारीख, एक्स्पायरी आणि परवाना क्रमांक दिसतो. तो वेष्टनावरच्या मजकुराशी जुळवा. छापील किमतीपेक्षा जास्त घेतले, किंवा औषध असून नाकारले, तर औषध किंमत नियंत्रण आदेश, २०१३ खाली तक्रार करता येते.

शंका असेल तर कलम २६ प्रमाणे कोणीही ग्राहक शुल्क भरून, फॉर्म १४ए मध्ये अर्ज करून शासकीय विश्लेषकाकडून औषध तपासून घेऊ शकतो. अहवाल फॉर्म १४बी मध्ये मिळतो. सील न फोडलेले, त्याच बॅचचे औषध आणि मूळ बिल लागेल. उघडलेल्या बाटलीची तपासणी वादात टिकत नाही. त्याआधी एफडीएच्या १८००-२२२-३६५ या क्रमांकावर औषधाचे नाव, बॅच, दुकान आणि तारीख सांगून तक्रार नोंदवा, म्हणजे निरीक्षक त्याच बॅचचा नमुना दुकानातून कायदेशीर रीतीने घेऊ शकतील. उरलेले औषध फेकू नका.